२५ मीटर, साडेबारा सेंटिमीटर: फुटबॉलच्या चुंबकी डावपेच-पटाचं परीक्षण

फुटबॉलच्या डावपेचांसाठी मिळणारे चुंबकी पट साधारण तीन मापांत येतात. उघडल्यावर ए-फोर कागदाएवढा होणारा, काखेत मावणारा दुमडता पट. टेबलावर किंवा स्टँडवर ठेवायचा ६० बाय ४५ सेंटिमीटरचा. आणि भिंतीवर टांगायचा ९० बाय ६०चा. बरोबर दोन रंगांच्या अकरा-अकरा सोंगट्या, एखादा चेंडू, पुसता येणारं पेन आणि छोटं डस्टर. विकत घेणारा सहसा दोनच गोष्टी तपासतो: सोंगटी घट्ट चिकटते का आणि पेन नीट पुसलं जातं का. दोन्ही तपासायला हव्यातच, पण त्याआधी खिशातून मोजपट्टी काढून मैदानाचं प्रमाण बघावं. पटाची खरी लायकी तिथे कळते.

इथली कसोटी सोपी आहे. फुटबॉल खेळायची रीत ज्यांनी बदलली अशा चार प्रशिक्षकांच्या मांडण्या पटावर लावायच्या आणि त्यांनी नेमकं काय बदललं ते खेळाडूला पटावरून कळतं का ते बघायचं. लंडनच्या आर्सेनल क्लबचा हर्बर्ट चॅपमन, हंगेरीचा गुस्ताव सेबेश, भारताचे सय्यद अब्दुल रहीम आणि इटलीतल्या एसी मिलान क्लबचा अरिगो साक्की. पहिल्या तिघांपर्यंत पट कमीजास्त साथ देतो. साक्कीपाशी बहुतेक पट खोटं बोलायला लागतात.

चॅपमनपासून सुरुवात करू, कारण तो पटासाठी सर्वांत सोपा. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. आधी पास दिला जाताना पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीन जण असावे लागत, ते आता दोन पुरे झाले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात आदल्या हंगामात १,१९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १,७०३ झाले. चॅपमन त्याच उन्हाळ्यात आर्सेनलमध्ये आला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्यूकॅसलने त्यांना ७-० असं झोडपलं. त्यानंतर संघातला खेळाडू चार्ली बकन याचा आग्रह मान्य झाला आणि मधल्या फळीतला सेंटर हाफ दोन बचावपटूंच्या मध्ये मागे उतरला. नंतर पुढच्या फळीतले दोघेही थोडे मागे आले आणि मागून पुढे ३-२-२-३ अशी, इंग्रजी डब्ल्यू आणि एम अक्षरांसारखी दिसणारी रचना तयार झाली. पटावर हे दाखवायला अर्धा मिनिट पुरतो. पाच नंबरची सोंगटी मागे ओढायची, आठ आणि दहा नंबरच्या थोड्या खाली घ्यायच्या, झालं. ए-फोरचा स्वस्तातला पटसुद्धा इथे पूर्ण गुण मिळवतो. एका सोंगटीची जागा बदलली की कल्पना कळते, असे डावपेच दाखवण्यासाठीच तर हे साधन आहे.

सेबेशचा हंगेरी थोडा अवघड. २५ नोव्हेंबर १९५३ला वेम्ब्लीवर त्यांनी इंग्लंडला ६-३ हरवलं. नऊ नंबर घातलेला हिदेगकुटी पुढे न थांबता मधल्या फळीत उतरत राहिला आणि तीन गोल करून गेला. पटावर नऊ नंबर मागे ओढणं सोपं आहे. खरी गंमत मात्र इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनच्या सोंगटीत आहे. तो हिदेगकुटीमागे गेला तर पाठीमागे खिंडार पडतं, जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा राहतो. हे समजावायचं तर दोन्ही रंगांच्या सोंगट्या लागतात, आणि दुमडत्या पटावर बावीस सोंगट्या ठेवल्या की मधोमध नुसती गर्दी होते. इथून पुढे ६० बाय ४५च हवा. जाता जाता: सेबेशने त्या सामन्याआधी वेम्ब्लीच्या मापाच्या मैदानावर, इंग्लंडमधल्या जड चेंडूंनी सराव करून घेतला होता. मोजपट्टीची सवय चांगल्या प्रशिक्षकाला आधीपासूनच असते.

रहीमसाहेबांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. हैदराबादचे हे शिक्षक १९५० पासून १९६३ मध्ये निधन होईपर्यंत भारताचे प्रशिक्षक होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ हरवलं. तिथलंच सुवर्णपदक नेणाऱ्या हंगेरीचा खेळ त्यांनी बघितला आणि मागे उतरणाऱ्या सेंटर फॉरवर्डची कल्पना आपल्या संघात आणली. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल होते. भारत चौथा आला. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गटात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० हरवलं होतं, अंतिम सामन्यात त्याच कोरियाला आपण २-१ हरवलं. तेव्हा डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळला आणि त्याने गोलही केला. पटावर ही मांडणी एका हालचालीत होते: पाच नंबरची सोंगटी उचलून सगळ्यांत पुढे. पण रहीमसाहेबांनी ड्रिबलिंगवर बंदी असलेल्या स्पर्धा घेतल्या, कमकुवत पायानेच खेळायच्या स्पर्धा घेतल्या. एका स्पर्शात पास देणारे खेळाडू तयार केले, म्हणून ही रचना चालली. हा भाग पटावर दिसत नाही आणि दिसणारही नाही. हा पटाचा दोष म्हणता येणार नाही, पण पट पुढ्यात असला की कोच हे विसरतात हे खरं.

आता साक्की. जोडे विकणाऱ्या घरातला, व्यावसायिक फुटबॉल कधी न खेळलेला हा माणूस १९८७ मध्ये एसी मिलानला आला. पहिल्याच हंगामात लीग जिंकली, मग १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप. १९८९च्या उपांत्य फेरीत रियाल माद्रिदला मिलानमध्ये ५-०, अंतिम सामन्यात स्टेआउआ बुखारेस्टला ४-०. रचना कोणती? ४-४-२, म्हणजे चार बचावपटू, चार मधल्या फळीत, दोन फॉरवर्ड. इंग्लंडमधल्या कुठल्याही क्लबची असायची तीच. पटावर साक्कीचा मिलान लावला आणि त्या काळचा एखादा साधा इंग्लिश संघ लावला, तर सोंगट्यांची मांडणी तंतोतंत सारखी. मग त्याने बदललं काय?

अंतर. सगळ्यांत मागच्या बचावपटूपासून सगळ्यांत पुढच्या फॉरवर्डपर्यंत २५ मीटर, चेंडू कुठेही असो. खेळाडूने जागा ठरवताना बघायच्या चार गोष्टी त्याने सांगितल्या: चेंडू, मोकळी जागा, प्रतिस्पर्धी आणि आपला सहकारी. माणसामागे माणूस लावायची इटलीतली जुनी रीत त्यामुळे मोडली. आणि हे अंतर दाखवायला गेलं की पटाची परीक्षा सुरू होते.

६० बाय ४५च्या चांगल्या पटावर मैदान १ला २०० या प्रमाणात बसतं. १०५ मीटर म्हणजे साडेबावन्न सेंटिमीटर, ६८ मीटर म्हणजे ३४. कडेला राखीव सोंगट्यांसाठी जागाही उरते. या प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे २ मीटर, म्हणून साक्कीचे २५ मीटर होतात साडेबारा सेंटिमीटर. सोंगटीचा व्यास मात्र २ सेंटिमीटर. म्हणजे पटावरचा प्रत्येक खेळाडू ४ मीटर जाडीचा! तीन फळ्या लावल्या की प्रत्यक्षात साडेबारा मीटर असलेलं दोन फळ्यांमधलं अंतर डोळ्यांना साडेआठ मीटर दिसतं, उरलेले चार मीटर सोंगट्यांच्या पोटात जातात. ए-फोरवर दीड सेंटिमीटरच्या सोंगट्या घेतल्या तरी तेच अंतर साडेसहा मीटर दिसतं. ९० बाय ६०च्या पटावर, १ला १२५ प्रमाणात, २ सेंटिमीटरच्या सोंगट्यांनी १० मीटर दिसतं. लहान पटावर बघून खेळाडूला वाटतं की फळ्या चिकटलेल्याच आहेत, आणि मैदानावर गेलं की संघ तीस-पस्तीस मीटर पसरतो. कोच ओरडतो, खेळाडू म्हणतो की पटावर असंच होतं. दोघंही खरं बोलत असतात.

उपाय सोंगटीत आहे. १० मिलिमीटर व्यासाचे साधे गोल चुंबक स्टेशनरीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. १ला २०० वर तो २ मीटरचा होतो, १ला १२५ वर सव्वा मीटरचा. वर नंबर लिहायला जागा उरत नाही, पण साक्कीचा धडा देताना नंबर नाही बघितला तरी चालतं. तयार संचातल्या मोठ्या सोंगट्या ठेवायच्याच असतील तर प्रत्येकीच्या मध्यावर काळा ठिपका द्या आणि मोजमाप ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत करा. जाड पुठ्ठ्याची साडेबारा सेंटिमीटरची पट्टी कापून पटाबरोबर ठेवावी. मागच्या ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत ती आडवी टाकली की अंतर जास्त झालं का ते वाद न घालता कळतं.

ऑफसाइडचा सापळा दाखवायचा असेल तर मोठी सोंगटी निव्वळ निरुपयोगी आहे. साक्कीचे बचावपटू एका रेषेत वर चढायचे, म्हणजे त्यांच्या मागे राहिलेला फॉरवर्ड ऑफसाइड ठरायचा. १९९० मध्ये नियम पुन्हा बदलला आणि बचावपटूच्या बरोबरीत असलेला फॉरवर्ड ऑफसाइड राहिला नाही. चार मीटर जाडीच्या दोन सोंगट्या शेजारी ठेवून बरोबरीत म्हणजे काय हे कसं दाखवणार? पेनने आडवी रेघ ओढावी आणि सोंगट्यांची पुढची कड त्या रेघेला टेकवावी, म्हणजे जरा तरी धड दिसतं.

दुमडत्या पटांचा सर्वांत मोठा दोषही इथेच उघडा पडतो. बिजागरी बरोबर मध्यरेषेवर असते. तिथे पत्रा नसतो, त्यामुळे सोंगटी चिकटत नाही, घसरते. आणि मिलानची बचाव फळी चढून यायची ती याच पट्ट्यात. गोलसमोर बस उभी करून, म्हणजे सगळे खेळाडू मागे ठेवून बसणाऱ्या संघाच्या कोचला हा दोष कधी कळणारही नाही!

पटावर वेळ दाखवता येत नाही ही तक्रार नेहमीची, पण तिच्यावर तोडगा आहे आणि तो फुकट आहे. २० मीटरचा जमिनीलगतचा पास ताशी ५० किलोमीटर वेगाने गेला तर सुमारे दीड सेकंद घेतो. तेवढ्यात उभ्या जागेवरून सुटलेला खेळाडू सहा-सात मीटर धावतो. म्हणजे पटावर चेंडू १० सेंटिमीटर सरकला तर सोंगटी फार तर साडेतीन सरकली पाहिजे. साधारण एक तृतीयांश. बहुतेक कोच पटावर इथेच लबाडी करतात, नकळत. चेंडू डावीकडून उजवीकडे टाकतात आणि आपला उजवा मिडफिल्डर सोयीस्करपणे तिथे आधीच पोचवतात. एक तृतीयांशचा नियम पाळला की साक्कीला २५ मीटरच का हवे होते ते आपोआप कळतं. सगळ्यांत मागच्या आणि सगळ्यांत पुढच्या फळीतलं अंतर त्याहून वाढलं, तर चेंडू पोचायच्या आत कुणी दबाव टाकायला पोचतच नाही.

हा धडा ६० बाय ४५ वर असा बसवावा. आपल्या चार बचावपटूंची रेषा मध्यरेषेच्या ४ सेंटिमीटर मागे, त्यांच्यापुढे सव्वासहा सेंटिमीटरवर मधली फळी, त्यापुढे तेवढ्याच अंतरावर दोन फॉरवर्ड. रुंदीला संघ पेनल्टी बॉक्सच्या रुंदीएवढा, म्हणजे २० सेंटिमीटरांत ठेवावा. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या बचावपटूकडे द्या. आपला उजवा मिडफिल्डर त्याच्याकडे, जवळचा फॉरवर्ड त्याचा मागे जाणारा पास तोडायला, बाकी सगळे चेंडूच्या बाजूला, लांबचा डावा बचावपटू मैदानाच्या मध्याजवळ. मग चेंडू मागे दिला तर सगळा संघ २-३ सेंटिमीटर वर, चेंडूवरच्या खेळाडूला मान वर करून लांब मारायला मोकळीक मिळाली तर बचाव फळी लगेच मागे. यात नेहमी चुकतं ते एकच: मधली फळी चढते आणि बचाव फळी भीतीने जागेवर राहते. पटावर पुठ्ठ्याची पट्टी टाका, चूक जागच्या जागी सापडते.

अडचण हातांची. एका माणसाने दोन हातांनी दहा सोंगट्या सरकवायला पंधरा-वीस सेकंद लागतात, मैदानावर तेच दोन सेकंदांत व्हायला हवं. म्हणून एकेका फळीला एक खेळाडू बसवावा आणि कोचने फक्त चेंडू हलवावा. साक्की सरावात खेळाडूंना चेंडूशिवाय, चेंडू आहे असं समजून, अकराच्या अकरा जणांना एकत्र सरकायला लावायचा. पटावर तीन-चार जण मिळून हे करतात तेव्हा त्याची सावली तरी दिसते. बचावपटूंच्या चार सोंगट्या एका पट्टीला चिकटवून एकदम सरकवायची युक्तीही काही जण करतात. सापळ्याची सरळ रेष दाखवायला ती ठीक, पण चेंडू कडेला गेला की चौघे सरळ रेषेत नसतात. एक बाहेर जातो, तिघे आत तिरके झाकतात. तिथे पट्टी काढून टाका.

साक्कीचा एक प्रयोग पटावर मुद्दाम करून बघण्यासारखा आहे. गोलरक्षक गॅली आणि तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बरेसी, मालदिनी हे चार बचावपटू एका बाजूला. समोर गुलिट, व्हॅन बास्टेन, राइकार्ड यांच्यासह दहा जण. वेळ पंधरा मिनिटं, चेंडू गेला की दहा जणांनी पुन्हा आपल्या अर्ध्यातून सुरुवात करायची. दहा जणांना गोल करता आला नाही. पटावर एक तृतीयांशचा नियम पाळून हे मांडलं की पाच सोंगट्यांनी झाकलेली जागा किती मोठी असते ते बघून मुलं चकित होतात. नियम मोडला तर हल्ला करणारे दर वेळी जिंकतात, आणि तो धडा उलटाच पोचतो.

छपाईकडे वळू. १ला २०० प्रमाण असेल तर पेनल्टी बॉक्स २०.१६ बाय ८.२५ सेंटिमीटर हवा, मधल्या वर्तुळाचा व्यास ९.१५, पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून साडेपाचवर, गोल ३.६६ रुंद. स्वस्त पटांवर मैदान पटाच्या आकाराला ताणून बसवलेलं असतं. ओळखायची सोपी खूण: वर्तुळ लंबगोल दिसतं किंवा बॉक्स जवळजवळ चौरस दिसतो. असा पट घेऊच नये, कारण बॉक्सच्या रेषा डोळ्यांना अंतर शिकवत असतात. प्रशिक्षक पेप गार्डिओलाच्या पद्धतीचे पाच उभे पट्टे आखायचे तर तेही याच रेषांवरून आखले जातात: मधला पट्टा सहा यार्डांच्या बॉक्सएवढा, ९.१६ सेंटिमीटर, त्याच्या दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच, कडेचे दोन ६.९२. बारीक चिकटपट्टीने आखा, पेनने आखलं तर पहिल्या डस्टरला जातात.

आणखी एक गोष्ट कोल्हापूरच्या तालमींपासून मुंबईच्या शाळांपर्यंत सगळीकडे लागू आहे. पट १०५ बाय ६८चा असतो, मैदान बहुतेकदा तसं नसतं. नियमात स्थानिक सामन्यांसाठी लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. रुंदी ५५ मीटर असेल तर ४० मीटरांत आवळलेला संघ मैदानाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग झाकतो, ६८ असेल तर साठ टक्क्यांहूनही कमी. अरुंद मैदानावर चेंडू दुसऱ्या बाजूला फिरवून फारसं हाती लागत नाही, आणि दबावाचा खेळ फुकटात चालतो. स्पर्धेआधी मैदान पावलांनी तरी मोजावं आणि पटावर खऱ्या सीमारेषा चिकटपट्टीने दाखवाव्यात.

टिकाऊपणात तिन्ही मापांचे पट सारखेच कच्चे आहेत. चकचकीत लॅमिनेशन उन्हात आरशासारखं चमकतं, दोन पावलांवर उभ्या खेळाडूला काही दिसत नाही. सूर्याकडे पाठ करून नव्हे, पट सावलीत धरून उभं राहावं. बंद गाडीत उन्हात राहिला की पट वाकतो आणि मग सोंगट्या कडेने सुटतात. पेनाची शाई आठवडाभर राहिली की डाग धरते, त्याला सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन पुसावं. चुकून पक्क्या मार्करने लिहिलं गेलं तर त्यावरूनच पुसता येणारं पेन फिरवून लगेच पुसावं, निघून येतं. संचातलं पेन महिनाभरात सुकतं, वेगळं विकत घ्यावंच लागतं.

टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये सोंगट्या वेगाप्रमाणे हलवता येतात, त्यामुळे वेळेचा प्रश्न सुटतो. पण दुपारच्या उन्हात पडदा काळा दिसतो आणि वीस मुलांना एका टॅबलेटभोवती बसवणं म्हणजे गर्दी जमवणं. ड्रेसिंग रूममध्ये ठीक.

घ्यायचाच तर दुमडता पट फक्त सामन्यातले बदल दाखवायला घ्यावा: कोण बाहेर, कोण आत, कॉर्नरला कोण कुठे. चॅपमन छापाचे निर्णय त्यावर उत्तम होतात. शिकवण्यासाठी ६० बाय ४५, तोही प्रमाण तपासून. संघाला स्वतःची खोली असेल तर तयार ९० बाय ६०वर पैसे घालण्याऐवजी त्याच मापाचा साधा व्हाइटबोर्ड आणावा. दुकानात त्यावर चुंबक लावून बघा, कारण प्लायवर नुसतं लॅमिनेशन असलेल्या बोर्डांना चुंबक चिकटत नाही. मग ३ मिलिमीटरच्या काळ्या चिकटपट्टीने ८४ बाय ५४.४ सेंटिमीटरचं मैदान आखा: बॉक्स ३२.२५ बाय १३.२, वर्तुळाचा व्यास १४.६, पेनल्टीचा ठिपका ८.८वर. वर्तुळ चिकटपट्टीने नीट येत नाही, ते पक्क्या मार्करने आणि दोरा बांधलेल्या पेनाने काढावं. आणि साक्कीची पुठ्ठ्याची पट्टी इथे साडेबाराची नाही, बरोबर २० सेंटिमीटरची कापायची.